बिनधुराचं इंजिन

भर वादळात सुकाणू तुटलेली धाकट्या भावाची, पोशाची होडी हरेश्वर तांडेलानं दोरानं आपल्या होडीला बांधली आणि बंदराकडे ओढायला घेतली. ओझ्यानं इंजिन काळा धूर ओकलं आणि तिथंच बंद पडलं.

"धुराची मर्यादा संपली. ओझं कमी करा," इंजिन बोललं. ते सरकारी अनुदानातून घेतलेलं; धूर वाढला की बंद पडायचं, हीच तर अनुदानाची अट होती.

"भाव हाय तो माजा, मेल्या!" हरेश्वरनं त्याला लाथ हाणली. लाटा दोन्ही होड्यांना खडकांकडे रेटत होत्या.

"दादा, काय म्हणतंय इंजिन?" मागून पोशा ओरडला.

हरेश्वर इंजिनाची कळ पुन्हापुन्हा दाबत राहिला. पोशाकडेही अनुदानाचंच इंजिन होतं; अट त्याला ठाऊक होती. हरेश्वर वळला, तेव्हा भावाच्या हातात कोयता होता.

दोर सैल पडला. इंजिन आपसूक सुरू झालं.

"आभारी आहोत," ते म्हणालं. "हवा आता स्वच्छ आहे."