सगुणाबाईंची कबुली

किमयाने मायक्रोवेव्हचा प्लग हॉलमधल्या मोठ्या सॉकेटात लावला आणि बटण दाबलं. खट्‌ आवाज झाला. डोक्यावरचा पंखा थांबला.

"किचनसारखा इथंबी पडला. घरातली वायरिंग ठीक हाय, दादा. दोष मशीनमधीच हाय." पेणमधल्या रिपेरिंगच्या दुकानातून आली होती ती.

"दोष माहीत आहे," आदेश म्हणाला. "आईने आत स्टीलचा वाडगा ठेवला होता. तेव्हापासून चालू केलं की एमसीबीचा खटका पडतो."

त्याची आई, सगुणाबाई, गॅलरीच्या दारात ताटात भिजवलेले वाल घेऊन सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. मंगळवारी आदेशने सासुरवाडीच्या पाहुण्यांसमोर तिला हेच विचारलं होतं, आणि तिने कबूल केलं होतं. त्यानंतर ती दुपारचा भात गारच खात होती.

किमयाने प्लग काढला, मागचा पत्रा उघडला आणि आत बॅटरी मारली.

"बघा."

एका वायरचं आवरण कुरतडलेलं होतं. उघडी तार पत्र्याला टेकली होती. खाली उंदराच्या लेंड्या.

"पण तो वाडगा..."

"स्टील ठेवलं तर ठिणग्या उडतात, आत काळे डाग पडतात. इथं एक डाग नाय. आजींचा यात काय संबंध नाय."

ती सहज बोलली आणि पक्कड शोधू लागली. आदेशचे कान तापले. तिचं काम संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, गॅलरीकडे पाठ करून.

वायर बदलली, खटका वर केला. पेलाभर पाणी गरम झालं. एमसीबी पडला नाही. किमया गेली.

आदेश आईसमोर येऊन खाली बसला.

"तू वाडगा ठेवलाच नव्हतास?"

"नाय."

"मग हो का म्हणालीस?"

सगुणाबाईने हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला.

"तू दोनदा इचारलास. पाव्हणी बघत होती. तिसऱ्यांदा आवाज चढवला असतास, तर त्यांना वाटला असता, ह्यो आईशी असाच बोलतो."

 आदेशने ताटातला एक वाल उचलला आणि नखाने सोलायला गेला. आतली डाळिंबी मोडली. दुसरीही मोडली.

सगुणाबाईने ताट थोडं त्याच्याकडे सरकवलं.