गुरुवार सोडून

"सर, चार पावलं पुढं नदी आहे," निरंजन म्हणाला. "तिथून मोकळा सूर्य मिळेल. इथं मध्ये विजेच्या तारा येतायत."

"तारा येऊ देत," ज्योतीराम म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

नाशिक रस्त्याला मोशी ओलांडली की इंद्रायणीचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे दोघे उभे होते. ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सचे प्रमुख; निरंजन त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. साहेबांचा छंद एकदा बघावा म्हणून तो आज झोपमोड करून आला होता. समोर, रस्त्यापलीकडे, भोसरीला जाणाऱ्या कंपनी-बसचा थांबा होता आणि त्याच्या पत्र्यामागून सूर्य वर येत होता. आता कुठं रंग चढतोय, तोच एक पांढरी बस येऊन उभी राहिली आणि थांबा, सूर्य, सगळं झाकून गेलं. ज्योतीरामांनी शांतपणे लेन्सला झाकण लावलं. काम झालं होतं. निरंजनला मात्र नक्की काय झालं तेच कळलं नाही.

कंपनीत कुठलंही मशीन अडलं की ज्योतीरामांचा फोन वाजायचा. जेवताना वाजायचा, दुसऱ्यांच्या लग्नात अक्षता टाकताना वाजायचा. एकदा तर ते अर्ध्या दाढीनिशी प्लँटवर पोचले होते. अशा माणसाला छंद असणं हीच मोठी चैन. पण त्या छंदाचा मेळ काही लागत नव्हता. उन्हाळ्यात सूर्य लवकर येतो. ज्योतीराम मात्र आपल्या ठरल्या वेळेलाच जायचे, आणि फोटोत सूर्य खांबाच्याही वर गेलेला असायचा. गुरुवारी तर सगळ्या एमआयडीसीला सुट्टी. दिवसभर वेळच वेळ. त्या दिवशी हा गृहस्थ संत तुकाराम नगरच्या घरात पेपर वाचत बसायचा.

"गुरुवारी सूर्य उगवत नाही वाटतं," त्यांच्या पत्नी सुमनताई चहा पुढं ठेवत म्हणायच्या.

"एक दिवस डोळ्यांना आराम."

सुमनताई पुढं विचारत नसत. गुरुवारी भोसरीच्या कंपन्याही बंद असतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यातल्याच एका कंपनीत आपली लेक वर्षाली कामाला आहे, हेही.

वर्षालीनं सुजितशी लग्न केलं ते घरात सांगून, पण घरातल्यांचं न ऐकता. तेव्हा ज्योतीराम बोलून गेले होते, की या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. राग महिन्याभरात उतरला. बोललेलं मात्र तसंच राहिलं. अडलेलं कुठलंही यंत्र उलटं फिरवून सोडवणाऱ्या माणसाला स्वतःची जीभ तेवढी उलटी फिरवता येईना. मग त्यांनी कॅमेरा घेतला, आणि दुकानदारानं दाखवली त्यातली सगळ्यात लांबचं बघणारी लेन्स.

कानटोपी घालून ते रस्त्याच्या या बाजूला उभे राहायचे. पलीकडे थांब्यावर लेक. ती कधी मान वर करून बघायची नाही. बारीक झालीय का, खोकतेय का, स्वेटर घातलाय का, एवढं लेन्समधून बघून घ्यायचं. मग बस यायची, लेक बसच्या आड जायची, आणि हे चाकणला.

जानेवारीत कंपनीनं त्यांना बढती देऊ केली. तळेगावला नवा प्लँट उभा राहत होता. तो सगळा त्यांच्या ताब्यात द्यायचा होता. वीस वर्षं ज्या खुर्चीकडे बघितलं ती खुर्ची. फक्त तिकडं जायचा रस्ता वेगळा. मोशी वाटेत येत नव्हती.

"घ्या की," सुमनताई म्हणाल्या. "उगवतीचे फोटो तिकडंही निघतील."

"तिकडचा उजेड बरा नसतो."

"मग एकदा रस्ता ओलांडा ना," सुमनताई हळूच म्हणाल्या.

"सकाळी रहदारी फार असते," ज्योतीराम म्हणाले.

उत्तर द्यायच्या दिवशी धुकं होतं. वर्षाली थांब्यावर तांबडी शाल लपेटून उभी होती. चेहरा थोडा भरल्यासारखा वाटला, त्यांना बरं वाटलं. कॅमेरा गळ्यात सोडून त्यांनी एक पाऊल डांबरावर टाकलं. कर्कश हॉर्न देत एक कंटेनर गेला. पाऊल मागं आलं. त्यांनी खिशातून फोन काढला, वरिष्ठांना लावला आणि तळेगाव नको म्हणून सांगितलं. अशी संधी पुन्हा यायची नाही, असं पलीकडून ऐकू आलं. घरची अडचण आहे, ते म्हणाले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. बस आली. त्यांनी लेन्सला झाकण लावलं.

बसच्या पलीकडच्या अंगाला बाकीचे सगळे चढले. वर्षाली खालीच उभी होती.

"ताई, दिवाळीला नोकरी सोडलीत तुम्ही," ड्रायव्हर विलास स्टिअरिंगवर हात टेकून म्हणाला. "असं थंडीत रोज किती दिवस यायचं?"

"बाबांची गाडी निघेपर्यंत थांबा, भाऊ. मी बसले असं वाटू दे त्यांना."

रस्त्यापलीकडे ज्योतीरामांची बाइक सुरू झाली. तिचा आवाज चाकणच्या दिशेनं लांब गेला. मग विलासनं बस हलवली.

थांब्यामागं सुजित मोटारसायकलवर बसला होता. त्यानं दुसरं हेल्मेट तिच्यापुढं धरलं.

"चल वर्षा," तो म्हणाला, "तळेगावचं घर काही इथं जवळ नाही."