मोठी

रजिस्टरप्रमाणे देवकाला आज अठरा वर्षं पूर्ण झाली, आणि अठरानंतर भंडाऱ्याच्या त्या अनाथालयात कुणालाच ठेवत नसत. ती गाठोडं बांधत होती. तुमसरला एका घरी स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. रात्री पडायला पडवी देतील की नाही, ते काही ठरलं नव्हतं.

शकुन मात्र आणखी दोन वर्षं इथंच राहणार होती. त्याच छपराखाली, आयत्या ताटावर! स्टेशनवर सापडलेल्या दोघी एकाच दिवशी इथं आल्या. पण देवका अंगानं थोराड, म्हणून अनाथालयाच्या बाईंनी रजिस्टरात तिचं वय सहा लिहिलं आणि बुटक्या शकुनचं चार. त्या दोन वर्षांपायी देवका सकाळपासून नुसती जळत होती.

"तुहं बरं हाये बाई," ती फणकारली. "बुटकी म्हून दोन वर्षं फुकटची भेटली तुले."

शकुननं तिचं गाठोडं आपल्या मांडीवर ओढलं आणि सैल गाठ घट्ट मारली.

"उंची पाहून नाही लिवलं वं. बाईनं मले इचारलं, दोघीत मोठी कोन? खरी मोठी मीच होती. पन म्या तुह्याकडं बोट दाखवलं."

"काहून?"

"आल्या आल्या पंगतीत पायलं होतं म्या, इथं लहानीले एक पळी भात भेटे, मोठीले दोन. अन् तू भुकेनं रडून रडून झोपली होती."