आगाशेकाकूंचं बोट

"टॅरंटुला कोळी चावला, तर आधी साबणानं धुवायचं," म्हणत मी घरमालकीण आगाशेकाकूंचं सुजलेलं बोट नळाखाली धरलं. मग फडक्यात बर्फ गुंडाळून लावला. मनगटावर रुतलेले कोळ्याचे केस सेलोटेपनं उचलले.

"मरणार नाही ना गं मी?"

"नाही काकू. मधमाशी चावल्यासारखं दुखेल. धाप लागली, तर मात्र लगेच दवाखाना."

घरात प्राणी चालणार नाहीत, ही त्यांची पहिली अट. माझा पाळीव कोळी वर्षभर कपाटात लपवलेला. आता खोली गेलीच, म्हणून मी बॅग काढली. "पण काकू, कपाटात हात कशाला घातलात?"

"रोज दुपारी झुरळ देते त्याला. उपाशी मारतेस मेली. आज चिमटा सापडेना."

"म्हणजे मी राहू?"

"तुझं तू बघ. तो कुठे जायचा नाही."