निरोप्याचं काम

गावचे पाटील हैबतराव भर सभेत मोठ्यानं हसले. सत्कार दुसऱ्याच्या नातवाचा, आणि हे खुर्चीत रेलून मांडीवर थाप मारतात! ही कुठली रीत?

१९८५ साल. चांदे गावच्या शाळेत सोमनाथला बोलावलं होतं. बौद्धवस्तीतला डॉक्टरेट मिळवलेला पहिला पोरगा. काय शोधलंस ते गावाला कळेल असं सांग, एवढंच मास्तर म्हणाले होते. तो सांगत होता, "आपल्या प्रत्येक पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात. ती निरोप्याचं काम करतात. बाहेरून सांगावा आला, की दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवायचा. तो चिकटला, की ते कामाला लागतं."

"म्हणजे तुमचं घरचंच काम की, सोमनाथराव!" हैबतराव म्हणाले. "आजा गावाचे निरोप न्यायचा, नातू पेशीचे!"

सतरंजीवरची माणसंही हसली. सोमनाथ अडखळला.

पहिल्या रांगेतून त्याची आजी, भीमाबाई, गुडघ्यावर हात टेकून उठली. हैबतरावांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"सोमा, त्यो निरोप्या चुकला तर काय हुतं रं?"

"बिघडतो कधीकधी, आजी. सांगावा आलेला नसतानाही 'वाढा, वाढा' म्हणत सुटतो. मग पेशी वाढतच जातात. कोंबडीच्या गाठीत असला एक सापडलाय, सात वर्षं झाली. माणसातही शोधतायत."

"गाठ म्हंजी? क्यान्सर?"

"हो."

"माणूस मरतंय?"

"मरतं, आजी."

"म्हंजी एवढं मोठं शरीर, अन् समदं त्येच्या भरवशावर."

"हो," सोमनाथ म्हणाला. या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

हसणं कधीच थांबलं होतं. भीमाबाई आता खुर्चीकडं वळली.

"ऐकलं का, हैबतराव? तुमच्या घरची मयतं, सोयरिकी, समदे सांगावे माझ्या मालकानं अनवाणी पौडापतूर न्हेले. एकबी चुकला न्हाई. काम हलकं न्हवतं. तुमी भाकर वरनं टाकायचा, म्हणून सोडलं."