आयुधपूजेतली सुरी

मैलापूरच्या आमच्या छापखान्यात आयुधपूजेला प्रत्येकाने आपलं हत्यार सरस्वतीपुढे ठेवायचं आणि विजयादशमीच्या सकाळी पाया पडून उचलायचं, अशी रीत आहे. एकतीस वर्षं मी माझी फिल्म कापायची सुरी ठेवत आलो. चार रंगांच्या चार फिल्म एकावर एक जुळवायचं काम माझं; केसभर वाकडं गेलेलं मी कधी मशीनवर जाऊ दिलं नाही. यंदा माझं खालून उजेड देणारं दिव्याचं टेबल हलवून तिथे नवं यंत्र बसवलं. ते कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढतं, फिल्म लागतच नाही. तरी मालक सुंदरराव म्हणाले, "अण्णा, सुरी ठेवाच. रीत मोडू नये." ठेवली, मूर्खासारखी. सकाळी बाइंडरने सुई उचलली, मशीनवाल्याने पाना उचलला, नव्या ऑपरेटरबाईने तर माउससुद्धा डोळ्यांना लावून उचलला. माझी सुरी जागेवर नव्हती. ती काचेच्या चौकटीत बसवली होती. वर चंदनाचा हार, खाली माझं नाव आणि १९७५ ते २००६. "कशी वाटते? रिसेप्शनमध्ये लावू," सुंदरराव म्हणाले. मी विचारलं, "मग आज मी काय उचलू?" ते हसले. "ही चौकटच उचला, अण्णा. तुमच्याच हाताने टांगा, फोटो काढू." मी उचलली, टांगली. डावीकडे चांगली बोटभर कलली होती. सगळे टाळ्या वाजवत होते. मी ती तशीच सोडली आणि चपला घालून निघालो.