पाटलाचा दुसरा बैल

पाटलाचा दुसरा बैलही नाकातून काळं रक्त येऊन मेला, तेव्हा सोलापुराहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरानं बजावलं, "फाशी रोग आहे. न सोलता पुरा. हात लावाल तर माणूसही मरेल." गावातल्या मेल्या जनावराचं कातडं निंगप्पाच्या हक्काचं. गेल्या साली पाटलानं असंच 'पुरतो' म्हणून ते परस्पर विकलं होतं. आज खड्ड्याशी चुन्याची पोती उतरली, तसा निंगप्पा हसला. "पुरायला चुना कशाला, पाटील? चुन्यानं आमी कातड्याचे केस काडतो. आमालाच शिकवता व्हय?" त्याची बायको गुरम्मा बैलाचे पाय धरून बसलीच होती. पाटलानं बाही वर सारली. मनगटावर काळीकुट्ट पुळी. "पहिल्या बैलाला औषध पाजलं, त्यातनं उठली." "दुखतीय?" "न्हाय. तेच वाईट म्हणतोय डॉक्टर." निंगप्पानं गुरम्माला मागं ओढलं आणि तिचे हात उन्हात धरून एकेक बोट निरखलं.